दोनला दहा कमी

ताई: आज बुधवार आहे. तू रविवारी येतेस.

धाकटी: हो.

ताई: आणि आज पाच वाजता तुझी कादंबरी द्यायचीय, म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लंयस. मग इथे काय करतेयस?

धाकटी: अडीचची बस मिळाली तर वेळेत पोचते मी. पानं पिशवीत आहेत. दोनशे चाळीस. बाइंडिंगसुद्धा करून घेतलंय. ताई, दार लाव ना.

ताई: लावलंय.

धाकटी: वरची कडी.

ताई: चिमे, बस तिथे. पाणी पी.

धाकटी: नको. मी सांगते ते ऐक, आणि झालं की मला हाकलून दे. पण मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललीस तर माझ्याच्याने सांगवणार नाही.

ताई: बोल.

धाकटी: भाऊजींचा मेसेज आलाय.

ताई: कोणाचा?

धाकटी: त्याचा. भाऊजी तोंडात बसलंय गं माझ्या.

ताई: तुझा नंबर त्याला कसा मिळाला?

धाकटी: फोनवर नाही आला. लेखन शिकवणाऱ्या आमच्या संस्थेची साइट आहे ना, तिथे प्रत्येकाच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं टाकतात. लोकांनी वाचायची आणि खाली अभिप्राय लिहायचा. तो फक्त कादंबरी लिहिणाऱ्याला दिसतो. त्यात आला.

ताई: वाच.

धाकटी: तूच वाच. हा घे फोन.

ताई: चष्मा कामावर राहिलाय. वाच म्हणते ना.

धाकटी: "तिन्ही प्रकरणं एका बैठकीत वाचली. लहानपणापासून तुझी नजर चांगली. घड्याळं दुरुस्त करणारी ती बाई तर डोळ्यांसमोर उभी राहते. एकच शंका आहे. दोनला दहा कमी असताना भोंगा वाजतो, असं गाव कुठलं गं? ताईला सांग, मी विचारलंय म्हणून." खाली पूर्ण नाव.

ताई: पुन्हा वाच. भोंग्याचं.

धाकटी: नको ना.

(बाहेर कारखान्याचा भोंगा वाजतो.)

ताई: दोनला दहा कमी.

धाकटी: मी सगळं बदललं होतं, ताई. तू चष्म्याच्या काचा घासतेस, तर मी तिला घड्याळं दुरुस्त करायला लावलं. तुझे केस लांब आहेत, तिचे कापले. नाव बदललं, वय बदललं.

ताई: आणि खोली?

धाकटी: खोली...

ताई: खाली सायकलचं दुकान आहे?

धाकटी: आहे.

ताई: सातवी पायरी?

धाकटी: आहे. वाजते तशीच.

ताई: खिडकीतून दिसणारी ती पिवळी टाकी?

धाकटी: तिसऱ्या प्रकरणात. मॅडम म्हणाल्या होत्या, जे नीट बघितलंय तेच लिहा. मी तर दर रविवारी हेच बघते. आणि भोंगा असा विचित्र वेळेला वाजतो, तो मला खूप आवडायचा.

ताई: तो काय काम करतो, विसरलीस? विमा कंपनीचा तपासनीस आहे तो. ठोकलेल्या गाडीचा फोटो बघून, ती रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभी होती ते सांगतो. लोक कुठे खोटं बोललेत ते हुडकायलाच त्याला ठेवलंय. दोन वर्षं मी कॅमेरा असतो म्हणून पेट्रोल पंपावर जात नाही, दवाखान्यात पत्ता चुकीचा सांगते, आणि तू त्याला पिवळी टाकी दिलीस.

धाकटी: मला कुठे माहीत होतं तो वाचेल म्हणून.

ताई: कधी आला हा मेसेज?

धाकटी: शनिवारी.

ताई: शनिवारी. म्हणजे रविवारी तुला ताप नव्हता.

धाकटी: नव्हता.

ताई: मी तुला तीनदा फोन केला. काढा पी म्हणाले. आणि तू घरात बसून काय करत होतीस?

धाकटी: लिहीत होते. नववं प्रकरण राहिलं होतं. खर्डा आज दिला नाही तर वर्ष फुकट जातं. आणि मी फार घाबरले होते. मी घाबरले की लिहीतच बसते, मला दुसरं काही येत नाही. वाटलं, कादंबरी पूर्ण करते, देते आणि मग येऊन सांगते. सकाळी बाइंडिंगवाल्याकडे उभी होते. त्याने बांधलेली पानं हातात दिली आणि मला आता थांबवेना. तशीच बसस्टँडवर गेले.

ताई: चार दिवस, चिमे.

धाकटी: मार मला. पण अशी बोलू नकोस.

ताई: गप्प.

धाकटी: ताई...

ताई: गप्प बस म्हणते ना. पायरी वाजली.

धाकटी: कुठली?

ताई: सातवी. खिडकीपासून बाजूला हो. पंखा बंद कर. हळू.

धाकटी: वर येतोय.

ताई: श्श.

बाहेरचा आवाज: कोण आहे घरात? मीटर बघायचंय.

धाकटी: (कुजबुजत) त्याचा आवाज नाही हा.

ताई: श्श.

बाहेरचा आवाज: ताई, दार उघडा. मीटर बघायचंय, दोन मिनिटांचं काम आहे.

धाकटी: गेला वाटतं. हो, उतरतोय. ताई, खरंच मीटरवाला असेल.

ताई: मीटर खाली जिन्याच्या तोंडाशी आहे. सगळ्यांची मीटरं तिथेच आहेत. त्यासाठी आजवर कोणी तीन मजले चढलेलं नाही.

धाकटी: आता काय करायचं?

ताई: फोन दे तुझा. माझा लावत नाही. खालच्या सायकलवाल्या काकांना विचारते. काका? मी वरची बोलतेय, नंबर बहिणीचा आहे. आत्ता जिन्यातून उतरला तो कोण?

काका: त्यालाच बघतोय मी. मघाशी माझ्याकडे हवा भरायला आला, सायकल नसताना. म्हटलं पंप कुठे लावू, नाकाला? तर हसला आणि विचारतो, वर घड्याळं दुरुस्त करणारी बाई राहते का. म्हटलं, इथे घड्याळवाली कोणी नाही बाबा.

ताई: आता कुठे आहे?

काका: समोर औषधांच्या दुकानापाशी. फोनवर बोलतोय कुणाशी तरी. मीटरवाला म्हणावं तर हातात वही नाही, काही नाही. पोरी, तुझ्या त्या भानगडीतला आहे का हा?

ताई: त्यानेच पाठवलेला दिसतोय.

काका: मग ऐक. जिन्याने उतरू नका. मागच्या गॅलरीतून लोखंडी शिडीने माझ्या गोदामात या. पण आत्ता नको. आत्ता टेम्पो बाहेर गेलाय, पंधरा-वीस मिनिटांत येईल. आला की मी दोनदा घंटी वाजवतो. तोवर मी त्याला दुकानात बोलावून जुनी सायकल विकायला बघतो. घेणार नाही, पण अडकेल.

ताई: काका, तुम्हाला त्रास...

काका: फोन ठेव आणि पिशवी भर.

धाकटी: काय म्हणाले?

ताई: वीस मिनिटं. ती निळी पिशवी काढ. कागदपत्रं गादीखाली आहेत, ती मी घेते. तू कपडे भर. दोन जोड बस्स.

धाकटी: मी आयुष्यात पुन्हा काही लिहिणार नाही.

ताई: हे आत्ता बोलायची गरज आहे?

धाकटी: नाही.

ताई: आणखी काय काय आहे त्या दोनशे चाळीस पानांत? इकडे आण.

धाकटी: तुझा चष्मा नाहीये.

ताई: लांब धरलं की दिसतं. नववं कुठे आहे? ज्याच्यासाठी चार दिवस घातलेस ते.

धाकटी: ते नको वाचूस. बाकी काहीही वाच.

ताई: आण म्हणते ना.

धाकटी: दोनशे अकरावं पान.

ताई: "रविवारची दुपार होती. बहिणीच्या नव्या घरी ती सुट्टीला आली होती." हे आपलंच आहे.

धाकटी: हो.

ताई: "आतल्या खोलीतून आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग बहिणीचा." तू जागी होतीस?

धाकटी: हो.

ताई: मला वाटायचं तू झोपली होतीस. नऊ वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. की पोर झोपली होती, तिला काही कळलं नाही.

धाकटी: पुढे नको वाचूस, ताई.

ताई: "ती उठली. तिने दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिला बघून त्याचा हात खाली आला." चिमे.

धाकटी: काय?

ताई: तू दार उघडलं नव्हतंस.

धाकटी: नाही. मी दारापर्यंत आले होते. कडीला हात लावला होता. ती गार होती. मग मी परत गेले आणि टीव्हीचा आवाज मोठा करून डोळे मिटून पडले. तू बाहेर आलीस तेव्हा ओठ सुजला होता आणि मला विचारलंस, सरबत करू का. मी हो म्हणाले. ग्लासभर प्यायले.

ताई: तेरा वर्षांची होतीस तू.

धाकटी: तेराव्या वर्षी दार उघडता येतं.

ताई: येतं. मग त्याने तुलाही मारलं असतं.

धाकटी: सगळी कादंबरी मी त्या एका दारासाठी लिहिली. तुझं आयुष्य वापरलं, विचारलंसुद्धा नाही, आणि ते पान आलं तेव्हा खोटं लिहिलं. आणि त्यात तुला पकडून दिलं.

ताई: रडू नकोस. रडायला वेळ नाही. तो फोन दे. तो मेसेज अजून आहे ना? पुसला नाहीस?

धाकटी: नाही. हातच लावला नाही भीतीने.

ताई: खाली त्याचं नाव आहे म्हणालीस.

धाकटी: पूर्ण नाव आहे. तारीख, वेळ, सगळं.

ताई: वकीलबाई दोन वर्षं माझ्या मागे लागल्यात. एक ओळ लेखी आणा म्हणतात. कोर्टाने स्वच्छ सांगितलंय, स्वतः किंवा दुसऱ्या कुणाकरवी माझ्याशी संपर्क ठेवायचा नाही. पण तो कधी लिहीतच नाही. नातेवाइकांकडे फोन करतो आणि न बोलता ठेवतो. माझ्या जुन्या ऑफिसात जाऊन हसून सगळ्यांची विचारपूस करतो. पोलीस म्हणतात, बाई, यात पुरावा कुठे आहे.

धाकटी: "ताईला सांग, मी विचारलंय म्हणून."

ताई: हेच. पहिल्यांदा चुकला. तुझ्यापुढे शहाणपणा दाखवायचा मोह आवरला नाही त्याला.

धाकटी: मग चौकीत जायचं? आत्ता?

ताई: काकांच्या टेम्पोतून सरळ तिकडेच. फोन तुझा आहे, मेसेज तुला आलाय. तक्रार तुलाच लिहून द्यावी लागेल. सही तुझी.

धाकटी: अडीचची बस...

ताई: तुला जायचं असेल तर टेम्पोवाला स्टँडवर सोडेल. फोन इथे ठेवून जा. मी निभावेन. मी काही म्हणणार नाही.

धाकटी: घंटी वाजली.

ताई: एकदाच वाजली.

धाकटी: दुसऱ्यांदा वाजली. उचल ती पिशवी. शिडीवरून आधी मी उतरते, मग तू. आणि बस गेली उडत.

(पोलीस चौकीतलं लाकडी बाकडं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी.)

ताई: काय लिहून घेतलं इतका वेळ?

धाकटी: सगळं. फौजदारबाईंनी मेसेज दोनदा वाचून दाखवायला लावला. मग जुन्या मारहाणीचं विचारलं, घटना कधी घडली, कुठे घडली, तुम्ही तेव्हा कुठे होतात. मी म्हटलं, दाराच्या अलीकडे.

ताई: तेही सांगितलंस?

धाकटी: विचारलं त्यांनी. पोच मिळालीय, ही बघ. दोन शिपाई सायकलच्या दुकानाकडे गेलेत. काकांनी त्या माणसाला अजून धरून ठेवलंय म्हणे, दोन सायकली उघडून दाखवल्या.

ताई: आणि तो?

धाकटी: त्याला उद्या बोलावणार. बाई म्हणाल्या, आदेश मोडलाय हे उघड दिसतंय, त्याला उत्तर द्यावंच लागेल. पण तोवर तू त्या खोलीवर जायचं नाही. तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या मॅनेजरबाईंकडे राहशील का, विचारत होत्या.

ताई: त्यांना फोन केलाय मी. ये म्हणाल्या. किती दिवस, ते विचारलं नाही त्यांनी.

धाकटी: भीती वाटतेय?

ताई: खूप. तुला?

धाकटी: पाय अजून शिडीवरच आहेत असं वाटतंय.

ताई: तुझ्या मॅडमना कळवलंस?

धाकटी: कळवलं. तिन्ही प्रकरणं काढून टाकली त्यांनी, लगेच. फार वाईट वाटलं त्यांना. पण पाचची वेळ त्यांच्या हातात नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीत पुन्हा बसावं लागेल, असं म्हणाल्या.

ताई: म्हणजे वर्ष गेलं.

धाकटी: गेलं. जाऊ दे. तसंही हे आता कुणाला दाखवायचं नाहीये. घरी गेल्यावर फाडून टाकते.

ताई: फाडू नकोस.

धाकटी: ताई, तुझ्या जिवावर बेतलं याच्यामुळे.

ताई: म्हणून तर वर्षभर नीट लिही. खोली काढ, टाकी काढ, भोंगा काढ. मला पाहिजे तर सर्कशीत पाठव. आणि छापायच्या आधी पान न् पान मला वाचून दाखवायचं. मी नाही म्हटलं की ते पान नाही.

धाकटी: आणि नववं?

ताई: नवव्यात तिने दार उघडलं नाही, असंच लिही.

धाकटी: ते वाचून लोक तिला काय म्हणतील?

ताई: लोकांचं मला माहीत नाही. मी आतमध्ये होते, चिमे. बाहेर कोणी कडीला हात लावून उभं होतं, हे मला आज कळलं.