गाणारी बाई रस्त्यात बसली

निजामाच्या अमलात आमच्या नळदुर्गच्या पेठेत मल्लाप्पांनी दुकानात रेडिओ आणला, तर आठ दिवसांत समोरच्या करीमचाचांनीबी आणला. हैदराबादचं गाणं दोन्हीकडं एकदमच लागायचं. कुणाचा रेडिओ भारी, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी पेठेतल्या लोकांनी माझ्या आंधळ्या काकांना पंच केलं. रस्त्याच्या मधोमध असं उभं केलं, की एका कानाला एक दुकान अन् दुसऱ्या कानाला दुसरं.

"सांगा, बाई कुणाच्या दुकानात गातीय?"

काकांनी कान टवकारले. "कुणाच्याच न्हाय. हितं माझ्या म्होरं रस्त्यात बसलीय."

मल्लाप्पांनी आवाज वाढवला.

"आता तुमच्याकडं सरकली, मल्लाप्पा."

करीमचाचांनी त्याहून वाढवला.

"आता चाचांकडं निघाली."

असं चार-पाचदा झाल्यावर काका वैतागले. "आरं, बिचारीला किती पळवताव! दोघंबी सारखा आवाज ठेवा, बसू द्या तिला निवांत."

ठेवला बगा! तवापासनं दोघं काकांच्या शेजारी उभं राहून गाणं ऐकायचे. अन् गाडीची घुंगरं वाजली की काका वरडायचे, "बैलं कडंनं घ्या, बाईच्या अंगावर चाक जाईल!"