खिशात मावेल अशी डबी

...आणि वर म्हणे, खिशात मावली पाहिजे. जंगलात हरवल्यावर माणसाला जे जे लागेल ते सगळं एका डबीत, आणि ती डबी खिशात. आता मला सांगा, जंगलात काय होईल हे आधी कुणाला ठाऊक असतं? पाय मुरगळेल, पाऊस येईल, तहान लागेल, काहीतरी चावेल, आणि जे चावेल ते केवढं असेल? या सगळ्यावरचा उपाय म्हणे साबणाच्या वडीएवढ्या जागेत बसवा. आणि हे सांगतोय कोण, तर ज्याने आयुष्यात स्वतःची बॅग तिच्यावर बसल्याशिवाय बंद केली नसेल असा एक दाढीवाला पोरगा. आणि सांगतोय कुणाला, तर मला. अहो, घरसामान हलवणाऱ्या कंपनीत माझे केस पिकले. लोकांची झुंबरं, आरसे, माशांसाठीच्या काचेच्या टाक्या, एका बाईंच्या सासऱ्यांची तर कवळी, पाण्याच्या ग्लासासकट, या गावातून त्या गावात नेऊन पोचवली, थेंब सांडला नाही. पॅकिंगचं मला नका सांगू.

तर झालं काय, आमच्या मुलीच्या ऑफिसातल्यांनी दोन दिवस जंगलात पायी भटकायला जायचं काढलं. हा दाढीवाला त्यांचा म्होरक्या. आता आमची मुलगी म्हणजे कशी, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन परत येताना पुढच्या गल्लीत शिरते आणि मला फोन करून विचारते, बाबा, आपली बिल्डिंग कुठे गेली? ही जंगलात जाणार. तिची आई दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, काळजी करू नकोस, डबी मी भरतो.

गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी घेतली, टेबलावर जुना पेपर पसरला, चष्मा लावला. लगेच बायको स्वेटर घेऊन हजर. म्हटलं, अगं, डबीत स्वेटर? तर म्हणते, "मग बारीक विणीचा देते." तेवढ्यात मेव्हणा आला. याचा जंगलाचा अनुभव म्हणजे घरी टीव्हीसमोर लोळून पाहिलेली हरणं. पण बोलतो असा की वाघाने याला विचारूनच शिकारीला जावं. "दाजी, आधी गळ ठेवा. मासे धरून माणूस महिनाभर तगतो." अरे बाबा, आमची मुलगी ताटातल्या माशाचे काटे कुणी काढून दिल्याशिवाय घास घेत नाही, ती नदीतला मासा धरणार? "बरं मग आरसा ठेवा, उन्हात चमकवला की लांबून दिसतो." यावर बायको म्हणते, "आरसा असू दे. शोधायला येतात ती परकी माणसं असतात, केस तरी नीट करेल."

वाद झाले, रुसवे झाले. मेव्हण्याने गळ गुपचूप आत टाकला, मी गुपचूप काढला. मलमाची बाटली बसेना म्हणून बायकोने मलम कापसाला चोपडून आत खुपसलं, ते मला परत काढून पुसत बसावं लागलं. शेवटी मी दोघांना टेबलापासून लांब बसवलं आणि डबी भरली. अशी भरली म्हणता... काड्या अर्ध्या कापून मेणात बुडवल्या, दोरी चपटी गुंडाळली, दोरीच्या पोटात होकायंत्र, होकायंत्राच्या कडेला शिट्टी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जखमेच्या पट्ट्या, आरसा, आणि सगळ्यांच्या वर घडीचा चाकू. चाकू मुद्दाम वर, का, तर पहिला हाताला लागावा. कान लावून हलवून पाहिली, आत सगळं चिडीचूप. मुलगी म्हणाली, "झालं ना बाबा, द्या आता." द्या काय द्या? झाकण प्रवासात उघडलं, काड्या भिजल्या, तर? पॅकिंगचं मला नका सांगू.

तर मग मी डबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि वर आमची टेप मारली. साधी नाही बरं का. आम्ही फ्रिजच्या दाराला लावतो ती, आत दोरे असलेली. आडवी मारली, उभी मारली, तिरकी मारली, कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. जमिनीवर आपटून दाखवली. मेव्हण्याला वर उभा केला. मेव्हणा चांगला भरलेला आहे, पण डबीला काही झालं नाही. बायको पहिल्यांदा हसली. मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून जरा आडवा होतोय तर फोन. दाढीवाला. म्हणतो काय, "काका, घाबरू नका." आता मला सांगा, हे ऐकून न घाबरलेला माणूस कुणी पाहिलाय? म्हणाला, ती फोटो काढायला मागे थांबली, धुकं उतरलं, आता सापडत नाहीये, आम्ही शोधतोय, खाली फोन लागत नाही म्हणून टेकडीवर येऊन बोलतोय. आणि कटला.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, अगं, धीर धर, तिच्याकडे डबी आहे. डबीत सगळं आहे.

"शिट्टी आहे ना?"

"आहे की."

"कुठाय?"

"डबीत."

"आणि डबी उघडायची कशी?"

"टेप कापायची. चाकूने."

"चाकू कुठाय?"

तर कोपऱ्यातून मेव्हणा म्हणतो, "डबीत." याला कुणी विचारलं होतं?

मी तसाच उठलो. टेपेचा उरलेला रोल घेतला, एक तुकडा ओढला आणि हाताने फाडून बघितला. फाटेना. दाताने ओढला, दाढ हलली पण टेप फाटेना. आणि मी, लोकांच्या कवळ्या सांभाळणारा माणूस, स्वतःच्या पोरीचा जीव टेपेत गुंडाळून पाठवला म्हणून तो रोल मांडीवर घेऊन ढसाढसा रडलो. बायको रागावलीसुद्धा नाही. शेजारी येऊन बसली. ती नुसती फोनकडे बघत होती.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. "काका, सापडली. ठणठणीत आहे." जिवात जीव आला म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. बायको आधी हसली, मग रडली, मग तिने मला उशीने मारलं. चांगलं वाटलं हो.

मग दाढीवाला सांगतो, "काका, हरवलेला माणूस बसत नाही, चालत सुटतो आणि तिथेच घात होतो. आम्ही घसा फोडून सांगतो, जागेवर बसा, कुणी ऐकत नाही. तुमची मुलगी एकटी बसली. का, तर ती तुमची टेप उकरत होती. नखांनी, दगडाने, केसातल्या पिनेने. आणि तुमच्या नावाने असा शंख करत होती की आम्ही पलीकडच्या उतारावरून आवाजावर आलो. तीच वाट धरून पुढे गेली असती तर कडा होता, काका."

मुलगी घरी आली, डबी टेबलावर ठेवली. एक कोपरा जेमतेम सुटला होता. म्हणाली, "बाबा, मला घाबरायला वेळच मिळाला नाही, एवढी चिडले होते मी तुमच्यावर." तिला जवळ घेतलं, म्हटलं, चिड बाळा, हवी तेवढी चिड. मेव्हणा म्हणाला, गळ असता तर... त्याला बायकोनेच बाहेर काढलं.

आता तो सबंध ग्रुप माझ्याकडे डब्या आणतो. शिट्ट्या गळ्यात अडकवा म्हणून मी सक्त ताकीद दिलीय, पण बाकी कुणाला काही पडलेली नाही. आत काय भरायचं यावर आमच्या घरात एवढं रामायण झालं, आणि हे लोक म्हणतात, "काका, आत काहीही घाला, टेप तेवढी तुमच्या हातची मारा." मी सगळं भरतो, नीट भरतो, उगीच नाही. पॅकिंगचं मला नका सांगू.

परवा मुलगी पुन्हा निघाली. दारात डबी हातात घेऊन विचारते, "बाबा, ह्या वेळी आत काय घातलंय?" म्हटलं, तुला ते कळायची वेळ कधी न येवो. आणि आली तरी कळणार नाही, टेप माझी आहे.