टेन्शन हिरड्यांना असेल, मला नाही

...आणि वर मलाच विचारते, "काका, कसलं टेन्शन आहे का हो?" टेन्शन? मला? छे! एकतीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना घाम फोडला, आणि ही माझ्या मुलीच्या वयाची दातांची डॉक्टर मलाच उलट प्रश्न विचारणार!

तुम्हाला सांगतो, मी गेलो होतो हिरड्यांतून रक्त येतं म्हणून. तीन महिने झाले. ब्रश लावला, रक्त. पाव चावला, रक्त! तर ही हिरडीत बारीक सळई घालून हिरडी दातापासून किती मिलिमीटर सुटलीय ते मोजायला लागली, "चार... पाच..." आणि नर्स लिहून घेतेय, पंचनामा असल्यासारखी!

"काका, ताण असला की अंगातली लढायची ताकद कमी होते, माणूस नकळत दात आवळतो, हिरड्या दात सोडायला लागतात. तीन महिन्यांपूर्वी काही घडलं होतं?"

काय घडणार? कारखान्याची भिंत पडली, खाली सापडून चौकीदार गेला. बातमी मीच लिहिली. आता, आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला होता, "साहेब, भिंतीला तडा गेलाय, अख्खा हात जातो आत, एकदा बघून जा..." पण असे दिवसाला वीस फोन येतात हो! म्हटलं, "उद्या येतो." आणि गेलो की दुसऱ्या दिवशी! फोटोग्राफर घेऊन गेलो!

"सहा..."

आता कारखान्याचा मालक म्हणतो, चौकीदार झोपा काढायचा, त्यानं तडा पाहिलाच नाही. आणि चौकीदाराची बायको दर बुधवारी ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसते. चहासुद्धा घेत नाही. "दादा, यांनी कुणाला तरी सांगितलं असेल ना हो?" मी काय म्हणतो? "चौकशी करतो, वहिनी." चौकशी! कुणाची, माझी? तीन शब्द छापायचेत, 'मला सांगितलं होतं'. मालक आडवा होईल, मेलेल्या माणसावरचा डाग जाईल... आणि लोक विचारतील, मग तुम्ही काय केलंत? म्हणून बसतो दात आवळून. टेन्शन? मला? छे!

"सात. काका, पुढचा दात हलायला लागलाय. आतून साफ करावं लागेल. टाळू नका, उद्याच या."

उद्या बुधवार. म्हणजे ऑफिसात नसलो तरी चालेल!

"उद्या येतो," म्हटलं.

आणि चूळ टाकली, तर भांडं लालभडक... आता बोला! सळईचा दोष म्हणावा, तर ती तिनं केव्हाच खाली ठेवली होती.