तहानलेली होडी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, भाता मिटा. एक प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका – लगेच दिलेली उत्तरं आपण शाळेपासून देत आलोय, त्याचं काय झालं ते समोर दिसतंच आहे.

प्रश्न असा – एखादी चांगली वस्तू आपल्या हाती आली, तर तिचा मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं? ती वापरायची? की तिला हात न लावता हात जोडायचे?

गप्प बसलात! उत्तम. ऐका तर.

खाडीकाठी एक गाव होतं. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या ग्रामदेवाची एक बहीण – खाडीपलीकडच्या गावची देवी. चैत्रात देवाची पालखी होडीतून बहिणीकडे जाते, चार दिवस पाहुणचार घेते आणि परत येते. देव दरवर्षी बहिणीकडे जातो, मंडळी! तुम्ही कधी गेला होतात? – असू दे, असू दे. फोन करता. कळलं.

तर झालं काय, देवाची जुनी होडी कुजली. देवस्थान कमिटी बसली. अध्यक्ष तात्यासाहेब वालावलकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. म्हणजे पाण्याशी त्यांचा जन्माचा संबंध, पण कागदोपत्री. तात्यासाहेब म्हणाले, "नवीन होडी लाकडीच हवी. हातानं घडवलेली. परंपरा आहे आपली!" टाळ्या पडल्या. काम दिलं बाबल मेस्त्रीला.

हा बाबल मेस्त्री कोण? खाडीत होड्या बांधणारा उरलेला एकटा. बाकीचे फायबरच्या होड्या दुरुस्त करायला लागले. माणूस गरीब नव्हे हां, साधाभोळाही नव्हे – कीर्तनातला मेस्त्री म्हटला की तुम्ही लगेच डोळे ओले करून बसता! हा तोंडाळ. गिऱ्हाइकाला उभं करून झापणारा. "होडी व्हयी की खाट? नीट सांग!" असं विचारणारा. पण मनात एक गोष्ट धरून बसलेला. आयुष्यभर त्याच्या होड्यांत बांगडे बसले, जाळी बसली, पावसात भिजलेल्या बकऱ्याही बसल्या. देव कधी बसला नव्हता. एकदा देव आपल्या होडीत बसावा. बस्स. एवढंच.

आणि बांधली हो त्यानं! फणसाच्या फळ्या, सांध्यांत कापूस ठोकलेला, वर राळ. पुढची नाळ, म्हणजे होडीचं टोक, अशी उचललेली, की होडी वाळूत उभी असूनही निघाल्यासारखी वाटावी. कमिटी बघायला आली. आता बघा, गिऱ्हाईक काय बघतं!

खजिनदार म्हणाले, "वास कसला येतोय?"

"मोरी माशाचा तेल. लाकूड टिकता."

"देवाच्या होडीला मासळीचं तेल? पुसा ते! खोबरेल लावा."

दुसरे म्हणाले, "देणगीदारांची नावं लिहायला जागा कमी ठेवलीत."

तिसऱ्यांनी नाळेला टेकून फोटो काढून घेतला आणि विचारलं, "थोडी कमळासारखी नाही का करता येणार?"

बाबलनं सगळं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं! मग एकच गोष्ट म्हणाला, "तात्यानू, पालखीच्या आधी होडी पाण्यात घालूक व्हयी. फळयो सुकल्यो हत. ती पाणी पितली, फुगतली, सांधे मिटतले. मगे थेंब येवचो नाय."

तात्यासाहेबांनी कानांवर हात ठेवले. "भलतंच काय! देवाआधी पाण्यात? मग होडी उष्टी नाही का होणार? कोरी होडी, कोरं पाणी, आणि पहिला देव!"

कोरं पाणी, मंडळी! ज्या खाडीत अख्खं गाव धुणं धुतं, ती खाडी कोरी. आणि होडी मात्र उष्टी!

इथं बाबलनं भांडायला हवं होतं. नाही भांडला. घरी गेला. बायको आनंदी चुलीपाशी होती. ऐकून तिनं फुंकणी खाली ठेवली.

"जगाक गाळी घालतात, आणि हय हो म्हणान इलात?"

"नाय म्हटलंय असता तर फायबरची हाडली असती तेनी."

"आणि बुडली म्हंजे?"

बाबलनं पाट ओढला आणि जेवायला बसला. देव आपल्या होडीत बसावा ही इच्छा वाईट नसते, पण ती माणसाचं तोंड बंद करते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पालखीचा दिवस उजाडला. चैत्राचं ऊन. मंडपात आठवडाभर सुकलेली होडी खांद्यावरून आणली. ढोल, ताशे, गुलाल! होडी पाण्यात उतरली – आणि लागली प्यायला! या सांध्यातून चूळ, त्या सांध्यातून चूळ. खजिनदारांच्या चपला आत तरंगायला लागल्या.

"गळकी!" कोणीतरी ओरडलं. मग काय, सगळेच ओरडले. आपल्याकडे पहिला ओरडणारा मिळायला वेळ लागतो, बाकीचे तयारच असतात.

बाबल कमरेएवढ्या पाण्यात उभा. "पिता हा ती! पिवांदे! तात्यानू, वायच थांबा!"

"मुहूर्त थांबतो का? फसवलंस तू देवाला, बाबल!"

देवाला फसवलंस. हे शब्द त्याला लागले. तो होडीची कड धरून तसाच उभा राहिला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर पालखी गेली फायबरच्या बोटीत – पर्यटकांची बोट, बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'डॉल्फिन दर्शन'. देव डॉल्फिन दर्शनाला गेला, मंडळी. डॉल्फिन दिसला की नाही, कमिटीनं कळवलेलं नाही.

बाबलची होडी धक्क्याला बांधलेली राहिली. कडेपर्यंत बुडाली. कोणी बघितलं नाही. हेच तिच्या पथ्यावर पडलं! चार दिवस ती निवांत पाणी प्यायली.

परतीचा दिवस. पलीकडे देवीच्या काठावर पालखी तयार, कमिटी तयार. बोटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "रविवार आहे हो! पर्यटकांचं बुकिंग फुल्ल. देवाला सोमवारी आणू." तात्यासाहेब भर उन्हात वाळूत उभे. डोक्यावर फेटा, फेट्याखाली घाम.

एवढ्यात खाडीतून एक होडी येताना दिसली. पहाटेच उपसून वर काढलेली, वल्ह्यावर बाबल. मागं आनंदी, हातात पाणी उपसायचं टमरेल.

"हीच ती गळकी!" खजिनदार म्हणाले, आणि सवयीनं चपला हातात घेतल्या.

आनंदीनं टमरेल उलटं करून दाखवलं. रिकामं! तात्यासाहेबांनी वाकून तळावर हात फिरवला. कोरडा! पुन्हा फिरवला. पुजाऱ्यानं कोणाला न विचारता पालखी उचलली आणि होडीत ठेवली.

बसला! देव बसला!

बाबल वल्हं मारायला लागला. ढोलवाले जागा नाही म्हणून काठावरच राहिले होते. त्यामुळे नुसता वल्ह्याचा आवाज. अख्ख्या खाडीत दुसरा आवाज नाही. नवऱ्यानं मान वर केली नाही, म्हणून आनंदीनंही त्याच्याकडे बघितलं नाही.

इथं आख्यान संपायला हवं होतं ना? पण गिऱ्हाईक जिवंत आहे, मंडळी!

होडी काठाला लागली तसे तात्यासाहेब होडीतच उभे राहिले. "चमत्कार! होडीची गळती देवानं स्वतः बंद केली!"

बाबल म्हणाला, "तात्यानू, देवान नाय. पाण्यान."

तात्यासाहेबांनी हात जोडले. "बघा! किती हा विनय!"

झालं! चमत्काराची होडी पुन्हा पाण्यात कशी घालायची? तिला देवळाशेजारी काचेचं घर बांधलं. आत ट्यूबलाईट, पंखा, बाहेर पाटी – 'कृपया स्पर्श करू नये'. पुढच्या चैत्रात देव पुन्हा डॉल्फिन दर्शनाला.

एक दिवस बाबलनं आत जाऊन सांध्यावर बोट ठेवलं. बोट आत गेलं. लाकूड आकसलं होतं. त्यानं बाहेरून कळशी भरून आणली आणि होडीवर ओतली. पुन्हा आणली, पुन्हा ओतली. दुसऱ्या दिवशीही तेच. लोकांना वाटलं, अभिषेक! झाली की रांग! तांब्याचे लोटे, चांदीची भांडी, लोट्यात तुळस. आणि बाबल बाजूला उभा राहून डाफरतोय, "नाळेर नको गे! सांध्यात वत! सांध्यात!" लोकांना वाटलं, हा विधी. ते 'सांध्यात, सांध्यात' म्हणत ओतायला लागले.

आनंदी म्हणाली, "कशाक रोज जीव काढतात? पाण्यात थोडीच जातली ती आता?"

"फायबर एक दिवस बंद पडतली," बाबल म्हणाला. "तेव्हा माझी होडी तहानलेली नको."

संपलं आख्यान. आता तुम्ही हसलात तात्यासाहेबांना, हसा. पण मी या गावात किती वर्षं येतोय? तुम्ही मला नारळ देता, शाल देता, फोटो काढता. 'फार छान झालं बुवा!' म्हणता. ऐकलेलं काही कधी पाण्यात उतरवलंत? बहिणीशी जमिनीवरून धरलेला अबोला सोडलात? बापाशी न बोललेली दोन वाक्यं बोललात? सुरुवात केली असेल, नाही म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी सगळीकडून पाणी आत आलं, कोणीतरी 'गळकी' म्हणालं, आणि तुम्ही स्वतःला ओढून काठावर घेतलंत. आता काचेत बसलायत. पंखा चालू आहे.

अहो, पहिल्या दिवशी गळतंच! चार दिवस बुडून राहायची तयारी हवी, एवढंच बाबलचं म्हणणं होतं.

पेटीवाले, धरा सूर. आणि ते मागच्या रांगेतले दोघे प्रसादासाठी आत्ताच उठलेत – खाली बसा. सांधे अजून उघडेच आहेत. वायच भिजा!