कडावची चाचणी

खालापूरच्या कचेरीत चौकशी होती. बाहेरच्या बाकावर ललिता केव्हाची बसून होती. कारखान्यातली दोघं येऊन तिच्या शेजारी टेकली.

“खरं सांग मनोज, गॅस सुटला तेव्हा भोंगा वाजला का रं?”

“संगणकाकडनं वाजव असा हुकूम गेला. तशी नोंद हाय.”

“वाजला का, ते इचारते.”

“नाय, नम्रता. आवाजाचा ड्रायव्हर, म्हंजे भोंगा वाजवणारा प्रोग्राम, मीच नवा जोडला व्हता. तोच कोसळला.”

“मग सगळी यंत्रणा बंद पडायला हवी व्हती. कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं.”

“मायक्रोकर्नल पद्धतीची हाय गं ती. ड्रायव्हर कर्नलच्या, म्हंजे मूळ गाभ्याच्या, बाहेर चालतो. एक मेला तरी बाकीच्यांचं काय अडत नाय. त्याच्यासाठीच तर घेतली. पडद्यावर सगळं हिरवंच.”

“पण चाचणीत आवाज ऐकला असशील ना?”

“चाचणी कडावला, घरी केली. शेजारी भिवाजीकाका वारलेले. सुतकाच्या घराला लागून भोंगा कसा वाजवू? स्पीकर जोडलाच नाय. पडद्यावर रेषा नाचल्या, मी पास लिवलं.”

“आन आता जबाबात?”

“साहेब म्हणतात, नोंद दाखव. भोंगा वाजला, पण मेलेला माणूस पिऊन पडला व्हता, म्हणून त्याला ऐकू आला नाय, असं सांग.”

“पीत व्हता का तो?”

“मी त्याला वळखत पण नाय गं.”

दार उघडून शिपायानं पुकारलं, “मयत जैतू दरवडाची बायको कोण? आत चला.”

ललिता जागची हलली नाही.

“आधी ह्या दादाला घ्या, सायेब,” ती म्हणाली. “मी ऐकायला दारात उभी ऱ्हाते.”