गुरुपादप्पांचा साडू

आमच्या चाकूरच्या फुटबॉल संघानं निलंग्याला कसं हरवलं, ते ऐका. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात लई दुष्काळ. नव्या जिल्ह्यातली पहिली मॅच, तीबी निलंग्याच्या मैदानावर. आणि कोच कोण, तर किराणा दुकानवाले गुरुपादप्पा. कारण एकच, चेंडू त्यांनी घेऊन दिला होता.

मॅच सुरू झाली तरी कडेला बसून कोचवरून माझं आणि बाबूचं भांडण चालूच.

"उदगीरचे खानसाहेब आणायचे होते," मी म्हणालो. "हैदराबादला खेळलेला माणूस."

"त्यापेक्षा नांदेडचा तो हवालदार बरा," बाबू म्हणाला. "पोरं निदान भेली तरी असती."

आप्पा आमच्या पुढंच बसून पान लावत होते. म्हणाले, "जरा दम धरा."

मॅच संपत आली तरी गोल न्हाई. तेवढ्यात मैदानामागं पाण्याचा टँकर भोंगा वाजवत आला. निलंग्याचा गोलकीपर घागर आणायला घराकडं पळाला, त्याच्या मागं आणखी चौघं. आमच्या घागरी राहिल्या चाकूरला. आमच्या रज्जाकनं चेंडू आरामात चालत नेला आणि गोलात ढकलला. रेफ्रीनं शिट्टी मारली, आम्ही जिंकलो.

आप्पांना खांद्यावर घेऊन नाचताना मी विचारलं, "आप्पा, टँकर तर इथं रोज सकाळी येतो म्हणे. आज संध्याकाळी कसा?"

आप्पा वरूनच म्हणाले, "ड्रायव्हर माझा साडू हाय. तुमच्या खानसाहेबांचा साडू काय चालवतो?"