करकरणारा माळा

हसू नका, आधी ऐका. दुष्काळात लाकूड वाळलं अन् उदगीरच्या दुकानात बाभळीच्या वाशांवर मी केलेला प्लायवूडचा माळा करकरायला लागला. मालक म्हणला, "मिस्त्री, आठ दिवसांत आवाज बंद करा, न्हाई तर दुसरा मिस्त्री बघतो."

माळा नव्या स्क्रूनं आवळावा म्हणून, पट्टीतून आपोआप स्क्रू घेऊन पिळणारी मशीन बघायला लातूर गाठलं. संगं माळ्याचाच बाभळीचा तुकडा नेला. तिथला मशीनचा दुकानदार म्हणला, "काका, आमच्या लाकडावर बघा की."

"तुझं लाकूड लोण्यावानी हाय. ह्याच्यावर चालीव."

दोन मशिनी अडकल्या. तिसरीनं स्क्रू पार बसवला. तेवढ्यात तुकड्यातला जुना स्क्रू दुकानदाराच्या बोटानंच निघाला.

"हातोडीनं ठोकलाय! कोण्या गाढवानं?"

म्हणलं, "ते गाढव चाळीस वर्षं असंच ठोकत आलंय. आता बांध मशीन."